वार झेलणाऱ्यांची कला

जपानी नाटक, चित्रपट आणि मालिकांतल्या लढती रचण्याच्या कसबाला जपानीत ‘ताते’ म्हणतात आणि त्या रचणाऱ्याला ‘तातेशी’. हिंदी-मराठी चित्रसृष्टीतल्या फाइट मास्टरशी त्याचे काम बरेच जुळते. मात्र तातेशी सिनेमाच्या जन्माआधीपासूनचा आहे. तो काबुकी रंगभूमीवर घडला, मूकपटांत वाढला, सामुराईंच्या चित्रपटांतून जगभर पोहोचला आणि १९७० नंतर मुखवटे घातलेल्या वीरांच्या मालिकांत शिरला. या साऱ्या प्रवासात एक तत्त्व टिकून राहिले: पडद्यावरचा वार खरा ठरतो तो झेलणाऱ्याच्या शरीरावर. तलवार कुणाला लागत नाही, ठोसा चेहऱ्यापासून वीतभर दुरून जातो. तो लागला हे प्रेक्षकाला समजते ते समोरच्याची मान कशी फिरली, गुडघे केव्हा वाकले, तोल कुठे गेला यावरून. त्यामुळे एकटा नायक पटाईत असून भागत नाही. त्याच्याभोवती पडणारे दहा-बारा जण त्याच्याहून पटाईत असावे लागतात.

काबुकीतल्या लढतीला ‘ताचिमावारी’ म्हणतात. खऱ्या युद्धाचा आभास निर्माण करण्याचा प्रयत्न तिच्यात नसतोच. नायक मध्यभागी जवळजवळ संथपणे फिरतो. हल्लेखोर एकेकटे किंवा जोडीने त्याच्यावर येतात आणि त्याच्या हाताच्या नुसत्या हालचालीने उलटून पडतात. मध्येच सगळे एखाद्या चित्रासारखे स्तब्ध होतात. नायकाच्या त्या थिजलेल्या पवित्र्याला ‘मिए’ हे नाव आहे. रंगमंचाच्या कडेला बसलेला एक माणूस फळीवर लाकडी ठोकळे आपटून धावत्या पावलांना आणि मिएला ठोका देत असतो. हल्लेखोरांचे खास कसब म्हणजे ‘तोंबो’, उभ्या जागेवरून हवेत घेतलेली कोलांटी. वार लागल्याचे दाखवायचे ते बऱ्याचदा या कोलांटीने. लढत बसवणारा तातेशी बहुधा अशाच कोलांट्या घेत वर आलेला अनुभवी नट असे, म्हणजे तो नायकांच्या घराण्यातला नसून पडणाऱ्यांच्या रांगेतला असे. जपानी लढतीला पुढे जो आकार आला, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

या नृत्यासारख्या लढतीला पहिला मोठा धक्का १९१७ मध्ये बसला. सावादा शोजिरो या नटाने ‘शिनकोकुगेकी’ ही नाटक मंडळी काढली आणि तलवारयुद्ध वेगवान, घामट व धोकादायक दिसले पाहिजे असा आग्रह धरला. काबुकीत मुरलेल्या तातेशीला ते जमवणे सोपे नव्हते. या मंडळीचा तातेशी इचिकावा दानपेइ याच्या त्या तगमगीवर पुढे नाटक आले आणि १९५० मध्ये चित्रपटही निघाला. तो मासाहिरो माकिनो यांनी दिग्दर्शित केला आणि पटकथा होती अकिरा कुरोसावा यांची. लढत रचणारा माणूसच एखाद्या चित्रपटाचा नायक व्हावा, ही घटना जपानबाहेर विरळाच म्हणावी लागेल.

शिनकोकुगेकीच्या वेगवान तलवारबाजीचा परिणाम मूकपटांवर लगेच झाला. १९२५ च्या ‘ओरोची’ या मूकपटात बांदो त्सुमासाबुरो हा नट शेवटी शिपायांच्या प्रचंड गराड्यात एकटा लढतो. दोर, शिड्या, लांब काठ्या घेऊन लोक चहूबाजूंनी त्याच्यावर येत राहतात, तो थकत जातो, केस सुटतात, पाय लटपटतात. नायकाचा थकवा हा लढतीचा विषय होऊ शकतो हे या दृश्याने दाखवून दिले. पण तो थकवा दिसतो तो गर्दीमुळेच. प्रत्येक नवा हल्लेखोर ताज्या दमाने येतो आणि त्याच्या तुलनेत नायकाचा हात किती जड झाला आहे ते उमगते.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुरोसावा यांनी तलवारीची लढत आणखी वास्तवाकडे खेचली. ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) साठी त्यांनी काटोरी शिंतो-र्‍यू या जुन्या शस्त्रपरंपरेतले गुरू योशिओ सुगिनो यांना बोलावले. त्या चित्रपटात दोघा तलवारबाजांचे द्वंद्व आहे. त्यात प्रत्यक्ष वार क्षणार्धात होऊन जातो; संथ गतीत दाखवला आहे तो हरलेल्याचा कोसळण्याचा क्षण. ‘योजिम्बो’ (१९६१) आणि ‘सांजुरो’ (१९६२) यांचे तातेशी होते र्‍यू कुझे. त्यांनी तोशिरो मिफुने यांच्याकडून अनेकांना काही सेकंदांत आडवे करणारी, पाऊल न अडखळणारी शैली बसवून घेतली. ‘योजिम्बो’त तलवार अंगात शिरल्याचा आवाज घातला गेला आणि तेव्हापासून तो जपानी तलवारपटांत रूढ झाला. ‘सांजुरो’च्या शेवटी दोन योद्धे बराच वेळ समोरासमोर निश्चल उभे राहतात, एकाच झटक्यात तलवारी निघतात आणि तात्सुया नाकादाई यांच्या छातीतून रक्ताचे कारंजे उडते. कपड्यांखाली दडवलेल्या नळीतून दाबाने सोडलेला तो द्रव होता. मिफुने यांच्या त्या एका हालचालीला जो दरारा आहे तो नाकादाई यांनी तो फवारा अंगावर घेऊन, न डगमगता, योग्य क्षणी पडून मिळवून दिला आहे.

तालमीच्या जागेत लढतीची फोड कशी होते हे पाहिले की मारणारा आणि झेलणारा ही विभागणी अधिक स्पष्ट होते. मध्यभागी लढणाऱ्याला ‘शिन’ म्हणजे गाभा म्हणतात आणि त्याच्यावर चालून येणाऱ्यांना ‘कारामी’. तातेशी आधी कारामींचा क्रम ठरवतो: कोण कोणत्या दिशेने येणार, कोणता वार घालणार, कुठे पडणार, आणि पडल्यावर पुढच्याच्या वाटेत न येता कसा सरकणार. कारामी तलवार डोक्यावर उंच उचलतो त्यात आक्रमकता दिसते. प्रत्यक्षात तो शिनला ‘मी येतोय’ ही खूण देत असतो आणि स्वतःचे पोट किंवा बरगडी कापण्यासाठी मोकळी करून देत असतो. शिनची तलवार शरीराजवळून जाते आणि ती पुढे निघून गेल्यावर, नेमक्या अवधीनंतर, कारामी वाकतो. हा अवधी फार थोडा ठेवला तर वार हलका वाटतो, लांबला तर खोटा. एकाच वेळी सगळे का तुटून पडत नाहीत, ही शंका प्रेक्षकाच्या मनात येऊ न देणे हेही कारामींचेच काम. वाट पाहणारा कारामी पाय बदलतो, हूल देतो, कडेने फिरतो, शिनची नजर वळली की अर्धे पाऊल मागे घेतो. नवख्या मंडळींची लढत ओळखायची असेल तर मध्यभागी पाहू नये, मागे उभ्या असलेल्यांकडे पाहावे.

शस्त्रेही या कामाला साजेशी असतात. बांबू तासून त्यावर चंदेरी वर्ख चढवलेली ‘ताकेमित्सु’ ही नेहमीची तलवार. जवळून दाखवायची असेल किंवा पात्याची चमक हवी असेल तर धार नसलेले हलक्या धातूचे पाते. ही तलवार खऱ्या तलवारीपेक्षा हलकी असते, म्हणून वजन अभिनयातून आणावे लागते. कंबर खाली ठेवून, खांदे सैल सोडून, वाराच्या शेवटी पाते थांबवताना शरीराने ‘ओझे’ दाखवले नाही तर हातात काठी आहे हे लगेच कळते. उरलेले काम कॅमेऱ्याचे. लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहिले की मागचे-पुढचे अंतर आकसते आणि दोन हात दुरून गेलेले पाते अंगावरून गेल्यासारखे दिसते. कुरोसावांनी ‘सेव्हन सामुराई’पासून अशी भिंगे आणि एकाच वेळी अनेक कॅमेरे वापरले, त्याचा फायदा लढतींना झाला. हे अंतर आणि ही नकली पाती म्हणजे केवळ सोय नव्हे. १९८८ मध्ये ‘झातोइची’ मालिकेतल्या नव्या चित्रपटाच्या चित्रीकरणात खरी तलवार वापरली गेली आणि एका नटाचा जीव गेला. लढतीच्या तालमीत खरे पाते कधीही असू नये या नियमामागे असे मृत्यू आहेत आणि ते विसरून चालणार नाही.

मरण्याची भूमिका हाच ज्याचा व्यवसाय, त्याला ‘किरारेयाकु’ म्हणतात. क्योतोच्या उझुमासा भागातला तोएइ कंपनीचा स्टुडिओ हे त्यांचे माहेरघर. सेइझो फुकुमोतो (१९४३–२०२१) पंधराव्या वर्षी या स्टुडिओत आले आणि त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ पडद्यावर मरण पत्करले. वार लागला की कोळंबीसारखे मागे कमान होऊन, डोके जमिनीकडे झुकवत कोसळणे ही त्यांची ओळख. या पडण्यात वेदना आहे आणि कॅमेऱ्याचे भानही आहे. मागे वाकल्यामुळे मरणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळतो आणि मारणाऱ्यालाही पुढचा पवित्रा घ्यायला वेळ मिळतो. ‘द लास्ट सामुराई’ (२००३) मध्ये टॉम क्रूझवर पहारा ठेवणारा अबोल सामुराई त्यांनीच रंगवला. २०१४ च्या ‘उझुमासा लाइमलाइट’मध्ये त्यांना प्रथमच प्रमुख भूमिका मिळाली आणि तीही एका म्हाताऱ्या किरारेयाकुची. तिच्यासाठी मॉन्ट्रियलच्या फँटेशिया महोत्सवात त्यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तोवर ज्या मालिकांवर या माणसांचे पोट चालत होते त्या संपत आल्या होत्या. १९६९ पासून चाललेली ‘मितो कोमोन’ २०११ मध्ये थांबली होती.

तलवारीकडून हातापायांच्या लढतीकडे जपानी पडदा वळला त्यात शिनइची चिबा यांचा वाटा मोठा आहे. परदेशात ते सनी चिबा म्हणून ओळखले जातात. ते मुळात जिम्नॅस्ट. दुखापतीने तो मार्ग बंद झाला आणि ते तोएइ कंपनीत नट म्हणून आले. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांचे ते शिष्य होते. नटाला स्वतःच्या अंगाने साहसदृश्ये करता यावीत या हेतूने त्यांनी १९७० मध्ये ‘जपान अॅक्शन क्लब’ काढला. तिथे कराटेबरोबर जिम्नॅस्टिक्स, ट्रँपोलीन, उंचावरून पडणे आणि अभिनय हे सारे शिकवले जाई. हिरोयुकी सानादा, एत्सुको शिहोमी, केंजी ओबा हे याच क्लबचे विद्यार्थी. कराटेच्या आखाड्यात फटका कमी जागेत, थेट आणि झटकन मारायचा असतो. पडद्यासाठी तोच फटका मोठ्या वर्तुळातून न्यावा लागतो, नाहीतर दिसतच नाही. चिबा यांच्या क्लबने या दोहोंची सांगड घातली आणि त्याला हवेतल्या उड्या जोडल्या. हीच संस्था पुढे ‘जपान अॅक्शन एंटरप्राइझ’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

याच सुमारास, ३ एप्रिल १९७१ रोजी, ‘कामेन रायडर’ ही मालिका सुरू झाली. तिच्या लढती ‘ओनो केन्यूकाई’ या मंडळीने बसवल्या. ही मंडळी मूळची तलवारयुद्ध करणारी, आणि ते त्या मालिकेत स्पष्ट दिसते. दुष्ट संघटनेचे काळ्या पोशाखातले सैनिक नायकाला गराडा घालतात, क्रमाने तुटून पडतात, क्रमाने कोसळतात. हातात तलवारी नाहीत एवढाच फरक. नायक हिरोशी फुजिओका सुरुवातीला मुखवट्याच्या पोशाखातही स्वतःच वावरत होते. चित्रीकरणात मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा पाय मोडला. मालिका थांबू नये म्हणून दुसरा रायडर आणावा लागला आणि त्याच्याबरोबर हातांच्या ठरावीक आविर्भावात रूप बदलण्याची पद्धत आली. जपानभरची मुले ती नक्कल करू लागली. काबुकीच्या मिएशी या आविर्भावाचे साम्य लपत नाही: क्षणभर सगळे थांबते, शरीर एका रेषेत येते, मग लढत सुरू होते.

फुजिओकांच्या अपघाताने आणखी एक गोष्ट ठळक झाली. चेहरा दिसणारा नट आणि पोशाखातला नट ही दोन वेगळी माणसे असणे सोयीचे आणि सुरक्षित ठरते. पोशाखातल्या नटाला ‘सूट अॅक्टर’ म्हणतात. त्याची परंपरा १९५४ च्या ‘गोजिरा’पर्यंत मागे जाते; त्या राक्षसाच्या सुमारे शंभर किलोच्या पोशाखात हारुओ नाकाजिमा होते, आणि त्याच वर्षी ‘सेव्हन सामुराई’त ते एक दरोडेखोरही होते. मुखवट्याच्या वीरांच्या सूट अॅक्टरला तेवढे वजन पेलावे लागत नाही, पण त्याच्या अडचणी वेगळ्या असतात. मुखवट्यातून दिसते ते अरुंद फटीतून. पायाखालचे तर जवळजवळ दिसतच नाही. जवळच्या दृश्यांसाठी देखणा, घट्ट मुखवटा आणि मारामारीसाठी हलका, थोडे अधिक दिसू देणारा मुखवटा असे दोन प्रकार ठेवतात. आवाज नंतर भरला जातो, म्हणून बोलणारा कोण हे मानेच्या आणि हाताच्या हालचालीतून सांगावे लागते. चेहरा नसल्याने राग, भीती, थट्टा सारे खांद्यांत आणि पाठीच्या कण्यात उतरवावे लागते. त्यातही बराच काळ स्त्रीपात्रांच्या पोशाखातही लहान चणीचे पुरुषच असत, तेव्हा चालण्याची ढबच बदलावी लागे.

या कसबाचा उत्तम नमुना म्हणजे सेइजी ताकाइवा. २००१ च्या ‘आगितो’पासून २०१९ मध्ये संपलेल्या ‘झिओ’पर्यंत, एका मालिकेचा अपवाद वगळता, रायडर मालिकांतला मुख्य वीर पोशाखात त्यांनीच साकारला. ‘देनओ’ (२००७) मध्ये एकाच तरुणाच्या अंगात वेगवेगळ्या वृत्तीचे जीव शिरतात: एक भांडखोर, एक गोडबोल्या आणि चलाख, एक सुमोसारखा भारदस्त, एक नाचरे पोर. चारही रूपांत पोशाखाखाली ताकाइवाच. भांडखोर रूपात पाय फाकवून पुढे झुकणारे शरीर दुसऱ्या रूपात कंबरेत सैल होते, आणि मुखवट्याकडे न पाहताही माणूस बदललेला कळतो. याला मारामारी म्हणणे अपुरे आहे. हा अभिनय आहे आणि तो चेहऱ्याच्या अभिनयाहून कमी दर्जाचा मानण्याचे काही कारण नाही.

१९७५ मध्ये ‘हिमित्सु सेन्ताइ गोरेंजर’ने पाच रंगांच्या पाच वीरांची परंपरा सुरू केली. आता पाच शिन आणि प्रत्येकाचे कारामी अशी गुंतागुंत आली. ती सोडवायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक वीराची लढण्याची ढब वेगळी ठेवणे, एकाची ताकदीची, दुसऱ्याची चपळ उड्यांची, म्हणजे झटपट बदलणाऱ्या दृश्यांतही गोंधळ होत नाही. या मालिका आठवड्याला एक भाग या वेगाने निघतात आणि बहुधा दोन भागांचे चित्रीकरण एकत्र होते, म्हणून लढतीचा भाग अॅक्शन डायरेक्टर स्वतंत्रपणे चित्रित करतो. संवादाची दृश्ये मुख्य दिग्दर्शक पाहतो. उडी लहान ट्रँपोलीनवरून, पडणे चौकटीबाहेर ठेवलेल्या गाद्यांवर. स्फोट मात्र खरे असतात. तोचिगी प्रांतातल्या इवाफुने डोंगराच्या जुन्या दगडखाणीत असंख्य वीरांच्या पाठीमागे आगीचे लोळ उठले आहेत. जागा आखून दिलेली असते, चुकीच्या दिशेने टाकलेले एक पाऊल महागात पडते, आणि मुखवट्यातून ती खूण धड दिसत नसते. या कामातले अनेक जण आधी तोक्योतल्या कोराकुएन मनोरंजन उद्यानासारख्या ठिकाणच्या रंगमंचीय कार्यक्रमांत तयार झाले आहेत. तिथे संवाद आणि फटक्यांचे आवाज आधीच ध्वनिमुद्रित असतात. फटका आवाजाच्या क्षणीच बसला पाहिजे, पुन्हा करून पाहण्याची संधी नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेत ‘पॉवर रेंजर्स’ सुरू झाली तेव्हा पोशाखातल्या लढती जपानच्या याच परंपरेतल्या ‘झ्यूरेंजर’मधून उचललेल्या होत्या आणि चेहऱ्याची दृश्ये अमेरिकेत चित्रित केलेली होती. भारतातल्या मुलांनी हिंदी आवाजात पाहिलेल्या या मालिकेतल्या उड्या आणि कोसळणे मूळचे जपानी. पुढे कोइची साकामोतो हे जपानी स्टंटमन आपल्या ‘अल्फा स्टंट्स’ या चमूसह अमेरिकेतल्या लढती बसवू लागले, मालिकेचे दिग्दर्शक व निर्मातेही झाले, आणि नंतर जपानला परतून रायडर व अल्ट्रामन यांचे चित्रपट करू लागले.

जपानी आणि हाँगकाँगच्या पद्धतींत फरक होता तो मुख्यतः लांबीचा. जपानी परंपरेत स्थिरता, मग एक निर्णायक वार; हाँगकाँगमध्ये ठोशांची सलग देवाणघेवाण आणि कॅमेरा-संकलनावरही लढत रचणाऱ्याचाच ताबा. केंजी तानिगाकी हाँगकाँगमध्ये स्टंटमन म्हणून राबले, डॉनी येन यांच्याबरोबर त्यांनी काम केले आणि केइशी ओतोमो दिग्दर्शित ‘रुरोनी केनशिन’ (२०१२) मध्ये दोन्ही पद्धती एकत्र आणल्या. नायक ताकेरु सातो; ‘देनओ’तला चेहरा दिसणारा तरुण तोच. केनशिनच्या तलवारीची धार उलट्या बाजूला असते, कारण त्याने पुन्हा कुणाला न मारण्याची शपथ घेतली आहे. त्यामुळे कारामींचा सगळा जुना अभ्यास बदलावा लागला. कापल्यासारखे गळून पडायचे नाही. बोथट फटक्याने हाड दुखावल्यासारखे फेकले जायचे, आणि तरी जिवंत आहोत हे दाखवायचे. नायक जमिनीलगत वाकून धावतो, भिंतीचा आधार घेतो, एकामागून एकाला आडवे करतो. पण तो कुणाचा जीव घेत नाही हे पटते ते पडलेल्यांच्या कण्हण्यातून आणि चाचपडण्यातून. अशा गुंतागुंतीच्या लढतींसाठी आता स्टंट चमू आधी व्यायामशाळेत साध्या कॅमेऱ्यावर पूर्ण लढत चित्रित करून, कापून-जोडून दिग्दर्शकाला दाखवतो आणि मग नट व मोठा कॅमेरा कामाला लागतात.

या माणसांना श्रेय मात्र उशिरा मिळाले. सुरुवातीच्या मालिकांच्या श्रेयनामावलीत त्यांच्या मंडळीचे सामूहिक नाव येई, कोण कोणत्या पोशाखात होता हे येत नसे. चिबा यांच्या क्लबमधून निघालेल्या सानादा यांना ‘शोगुन’ मालिकेसाठी २०२४ मध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला. ते त्या मालिकेचे निर्मातेही होते. ऑस्कर देणाऱ्या अमेरिकन अकादमीने २०२५ मध्ये स्टंट-रचनेसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला. २०२७ मध्ये प्रदर्शित होणारे चित्रपट त्याला पात्र असतील आणि २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात तो पहिल्यांदा दिला जाईल.